स्वस्त कबाब कुणाच्या जिवावर?

तेहरानच्या बाजारात चेलो कबाबची थाळी कॅमेऱ्यासमोर धरायची आणि "भावांनो, एवढ्याशा पैशात!" म्हणून ओरडायचं, अशा रीलची आपल्याला चटक लागली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये इराणने विमानाने येणाऱ्या भारतीयांना १५ दिवसांसाठी व्हिसा माफ केला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती सवलत थांबली, रील मात्र फिरतच आहेत. खाण्यासाठी प्रवास करायला आपला विरोध नाही. विरोध आहे तो 'स्वस्त' या शब्दाला.

कबाब जिभेवर रेंगाळणाराच आहे. कुबिदे म्हणजे कुटलेलं. मेंढीच्या किंवा मोठ्याच्या गोश्तचा खिमा कांद्यासोबत मळून रुंद, चपट्या सळईवर दाबायचा आणि कोळशावर भाजायचा. बर्ग म्हणजे पान, तसं पातळ कापलेलं गोश्त. सोबत वाफाळता भात, लोणी, भाजलेला टोमॅटो, वर आंबट सुमाक. आपल्यासारखा मसाल्याचा मारा नाही, सगळी भिस्त गोश्तवर. म्हणूनच गोश्त महागलं की या थाळीत काहीच झाकता येत नाही.

आता हिशेब बघा. २०१५ च्या अणुकरारावेळी एका डॉलरला खुल्या बाजारात तीस-पस्तीस हजार रियाल मिळत. मे २०१८ मध्ये ट्रम्प करारातून बाहेर पडले, निर्बंध परत आले. २०२५ मध्ये डॉलर दहा लाख रियालच्या पुढे गेला. रियाल कोसळला म्हणून तुमचं बिल कमी झालं, आणि त्याच पडझडीने तिथल्या मजुराच्या हंडीतलं गोश्त कमी केलं. यात वॉशिंग्टन दोषी आहे, तसे भ्रष्टाचार आणि दडपशाही करणारे तेहरानचे सत्ताधारीही दोषी आहेत. दोघांनाही सूट नको.

कबाबच्या दुकानात राजकारण कशाला, असं कुणी म्हणेल. तेहरान बाजारातला प्रसिद्ध चेलो कबाबवाला हसन शमशिरी हा तेलाचं राष्ट्रीयीकरण करणाऱ्या मोसद्देक यांचा उघड समर्थक होता. त्याच मोसद्देकांचं सरकार १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने मिळून उलथवलं. कबाबवाल्याला राजकारण कळत होतं, आपल्यालाच का कळू नये?

ईदला शीरखुर्मा आणि बिर्याणीची फर्माईश करणारे काही दोस्त आपल्या मोहल्ल्यातल्या तुंबलेल्या गटाराबद्दल, आपल्याला भाड्याने न मिळणाऱ्या घराबद्दल कधी विचारत नाहीत. तेव्हा आपल्याला राग येतो, आणि तो रास्तच असतो. मग इराणला फक्त एक थाळी समजणारे आपण त्यांच्यापेक्षा वेगळे कसे?

जायचं तेव्हा जरूर जा, पोटभर खा. दुकानदार आदबीने "काबिल नदारे" म्हणेल, म्हणजे तुमच्यापुढे याची काय किंमत! ती तिथली रीत आहे, पैसे द्यायचेच असतात. आणि रीलमध्ये भाव सांगायचाच असेल तर रुपयांत सांगू नका. या थाळीसाठी तिथल्या मजुराला किती तास राबावं लागतं, ते सांगा.