खुंटीवरचा मृदंग

उन्हाळ्याच्या सुटीत बुलढाणा जिल्ह्यात वारकरी बालसंस्कार शिबिरे भरतात. पोरांचा हात मृदंगावर बसू लागतो, पावल्या जमतात, समारोपाच्या दिंडीला गाव लोटते. मग शाळा उघडते आणि मृदंग खुंटीला जातो. जिल्हा परिषदेच्या किती शाळांत संगीताचा शिक्षक आहे?

नित्याच्या रियाजाने काय घडते, ते जमैकात दिसले. किंग्स्टनच्या अल्फा शाळेत जोगिणी गरीब, निराधार मुलांना बँडची वाद्ये नेमाने शिकवीत. ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड तिथलाच, सॅक्सोफोनवाला टॉमी मकूकही. १९६४ साली या दोघांनी सोबत्यांसह ‘स्काटलाइट्स’ उभा केला. त्यांच्या स्का संगीतातून पुढे रेगे निघाले. २०१८ साली युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मान दिला. बॉब मार्ले साऱ्यांना ठाऊक, ही शाळा मात्र कुणाला आठवत नाही!

रेगेच्या एका ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडून तिसरीवर जोर देतात. भजनी ठेक्यात मुरलेल्या पोराला ती गंमत चटकन कळेल. शिबिरातल्या मृदंगाचार्यांना मानधन देऊन आठवड्यातून दोन तास शाळेत बोलवायला काय हरकत आहे? सरकारी शाळेत कीर्तन नको असेल तर नको. ताल तरी शिकवा. आणि मुलींच्या हातीही मृदंग द्या.