ॲसिडचं माप कोणाच्या डोळ्यानं?

या अंकाचं संपादकीय ॲसिडवर आहे. कवितेतल्या ॲसिडवर नव्हे. कवितेत आपण सगळ्यांनीच कॅनच्या कॅन ओतलेत, त्यानं कुणाचा डोळा गेल्याचं ऐकिवात नाही. हे संडासातलं ॲसिड. सायकलीला कॅन बांधून गल्लीत ओरडत येणाऱ्याकडचं, किराणा दुकानात फिनेलच्या शेजारी मांडलेलं, ठेकेदारानं कामावर आणून टाकलेलं. आतला माल बहुतेक वेळा एकच, हायड्रोक्लोरिक ॲसिड. कंपनीच्या बाटलीत ते साधारण १० टक्के असतं. ठेकेदाराच्या कॅनमध्ये किती, ते कॅनलाच ठाऊक. त्याच्यावर कागद चिकटवलेला नसतो.

मला एवढंच विचारायचंय, की हे डोळ्याला किती वाईट हे ठरवतं कोण? कशावर ठरवतं? आणि ठरवून झाल्यावर तो कागद कुणाच्या हातात पडतो?

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, आणि तीही नट्टापट्ट्यापासून. १९३३ साली तिथं पापण्या काळ्या करायचा 'लॅश ल्युअर' नावाचा रंग बाजारात होता. तो लावून बायकांचे डोळे गेले. सरकारकडे त्याला हात लावायला धड कायदाच नव्हता. तो झाला १९३८ साली. कायदा आला की मागोमाग माप येतं. १९४४ साली तिथल्या अन्न व औषध खात्यातल्या जॉन ड्रेझ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते माप लिहून काढलं. पांढरा ससा घ्यायचा. त्याची खालची पापणी ओढून त्या खोळीत ०.१ मिलिलिटर पदार्थ टाकायचा. दुसरा डोळा तसाच ठेवायचा, तुलनेला. मग एक दिवसानं, दोन दिवसांनी, तीन दिवसांनी बघायचं आणि मार्क द्यायचे. होय, मार्क. एकूण ११० मार्कांचा पेपर. त्यातले ८० एकट्या कॉर्नियाचे, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याचे. १० आतल्या रंगीत भागाचे. उरलेले २० पांढऱ्यावरच्या आवरणाचे: लाली किती, सूज किती, पाणी किती गळतंय. ससा जेवढा आंधळा, तेवढे मार्क जास्त.

आता हा पेपर तपासणारेही माणसंच. १९७१ साली वाइल आणि स्काला या दोघा संशोधकांनी तेच ते पदार्थ वीसेक प्रयोगशाळांना वाटले आणि निकाल मागवले. एकीनं ज्याला सगळ्यात वाईट म्हटलं त्याला दुसरीनं किरकोळ म्हटलं. पुन्हा ससा म्हणजे काही माणूस नव्हे. त्याला अश्रू कमी, त्याची पापणी क्वचित लवते, आणि त्याच्या पापणीची खोळ एवढी सैल की ०.१ मिलिलिटर आरामात मावतं. आपल्या डोळ्यात ०.०३ मावलं तरी डोक्यावरून पाणी.

१९८० साली न्यूयॉर्कमध्ये हेन्री स्पायरा नावाच्या माणसानं याविरुद्ध रान उठवलं. आधी जहाजावरचा खलाशी, युनियनमधल्या पुढाऱ्यांशी भांडलेला, काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्यात वावरलेला, मग शाळामास्तर. पैसे जमवून त्यानं 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात छापली आणि 'रेव्हलॉन' कंपनीला विचारलं, की सौंदर्यापायी तुम्ही किती ससे आंधळे करता? कंपनी हलली. पर्याय शोधायला पैसे निघाले. पुढं २००९ साली खाटिकखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांवरची चाचणी आंतरराष्ट्रीय यादीत आली. मेलेल्या जनावराचा कॉर्निया काढून त्यावर पदार्थ १० मिनिटं ठेवायचा, मग त्यातून उजेड किती पार जातो ते यंत्रानं मोजायचं. (आपल्याकडे हे वाक्य मोठ्यानं वाचायचीही पंचाईत.) २०१५ साली काचेच्या भांड्यात वाढवलेल्या माणसाच्या पेशींचा पडदा आला. २०१४ साली भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी जनावरांवर चाचणी करायला बंदी झाली.

सशाचा कळवळा आला म्हणून मी कुणाला हसणार नाही. मुक्या जिवाच्या डोळ्यात जळतं पाणी टाकणं हे वाईटच. आणि स्पायरासारखा माणूस मला आपल्यातला वाटतो. पण एक गोष्ट टोचते. ज्या सभ्य घरात क्रीमच्या डबीवर 'प्राण्यांवर चाचणी केलेली नाही' हे वाचून समाधान मिळतं, त्याच घराच्या मागच्या दारी संडास धुवायला येणाऱ्या मावशीच्या हातात विनालेबलची बाटली असते. तिच्यावर चाचणी रोज चालू आहे. मार्क मांडायला कुणी नाही, एवढाच फरक.

आणि गंमत बघा. आपल्या या ॲसिडला ससा लागतच नाही. गुराचा डोळाही नको, पेशींचा पडदाही नको. एक पट्टी लागते, पीएच कागदाची. शाळेच्या प्रयोगशाळेत मिळते तीच. चाचण्यांचा आंतरराष्ट्रीय नियम लिहून ठेवलाय, की पीएच २ किंवा त्याहून कमी असेल, नाहीतर ११.५ किंवा त्याहून जास्त असेल, तर जनावर आणू नका, पदार्थ डोळा जाळणारा आहे असंच धरून चाला. पीएचचा आकडा एकानं उतरला की आंबटपणा दहापट चढतो. अश्रूंचा पीएच ७.४ च्या आसपास. १० टक्के हायड्रोक्लोरिकचा शून्याच्याही खाली. पट्टी बुडवली की लालभडक. संपला प्रयोग.

पट्टीवर सगळं सुटतं असंही नाही. काही आंबट पदार्थांची पट्टी फार खाली जात नाही, पण अंगात दम असतो. अश्रू त्यांना मारत राहतात आणि ते मरत नाहीत. या दमाला रसायनवाले 'ॲसिड रिझर्व' म्हणतात. सोडा घालून, तो किती खपतो यावरून तो मोजतात. शहाणा तपासनीस पट्टी आणि दम दोन्ही बघतो. आपल्या बाटलीत दोन्ही भरपूर आहे.

हे डोळ्यात गेलं की काय होतं? कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. अंड्याचा पांढरा उकळत्या पाण्यात कसा गोठतो, तसे त्याच्या वरच्या थरातले प्रोटीन गोठतात. हा गोठलेला थरच थोडा आडवा येतो आणि पुढचं ॲसिड सहजी आत शिरत नाही. म्हणून चुना, कॉस्टिक सोडा हे आणखी वाईट. ते चरबी विरघळवत आत उतरतात. (तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून पोरांचे डोळे गेलेत, ते याच कारणानं.) पण ॲसिड कडक असेल, जास्त वेळ राहिलं, तर तेही उतरतं. बुबुळाच्या कडेला ज्या पेशी कॉर्नियाला नवी कातडी पुरवतात त्याच जळाल्या, की डोळा स्वतःला दुरुस्त करायचं विसरतो. म्हाताऱ्या माणसांच्या भाषेत, डोळ्यात फूल पडतं.

संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली रसायनांची एक जागतिक वर्गवारी छापली. तिच्यात डोळ्याचे दोन मोठे खण आहेत. २१ दिवसांत जखम पूर्ण बरी झाली तर दुसरा खण. नाही झाली तर पहिला, म्हणजे कायमचं नुकसान. त्याच पुस्तकात आहे, की मिश्रणाचा पीएच २ च्या खाली असेल आणि त्यात तसं ॲसिड १ टक्का जरी असेल, तरी त्याला पहिल्या खणात धरावं. १ टक्का! आपण बोलतोय १० वर.

तेव्हा मित्रहो, ॲसिडचा धोका मोजायचा राहिलाय असं कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय. तो मोजून, छापून, खणात घालून झालाय. मोजायचं राहिलंय ते दुसरंच. कारण तेच शास्त्रवाले दोन शब्द वेगळे ठेवतात, हॅझर्ड आणि रिस्क. हॅझर्ड म्हणजे वस्तूच्या अंगातला धोका. रिस्क म्हणजे त्या धोक्याशी तुमची गाठ पडायची शक्यता. बाटली कपाटात असली तरी हॅझर्ड तेवढाच. ती कुणाच्या हातात, किती वाजता, कशा जागी, यावर रिस्क ठरते. आणि हातात कुणाच्या असते ते या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको.

आता सार्वजनिक संडासात या. तीन बाय चारची खोली. कॅनमधलं ॲसिड पाण्याच्या, नाहीतर कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून घेतलेलं. झाकणाला खिळ्यानं भोक. भांड्यावर पिवळा थर, त्यावर ॲसिड पडलं की फस्सदिशी फेस. घासायला खाली बसावं लागतं, म्हणजे तोंड भांड्याच्या जवळ. ब्रशची काडी उलटली की शिंतोडा सरळ वर. त्यात कुणी हुशारीनं आधीच ब्लिचिंग पावडर टाकून ठेवलेली असली तर क्लोरीन वायू सुटतो, मग डोळाही गेला आणि श्वासही. बिल्डिंग बांधून झाल्यावर नव्या फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला बिगाऱ्यांना हेच ॲसिड देतात, तिथंही हीच कथा.

अशा वेळी लेबल काय म्हणतं? लेबलवर वाक्य असतं, की डोळ्यात गेल्यास काही मिनिटं पाण्यानं काळजीपूर्वक धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढा. ती कॉन्टॅक्ट लेन्स वाचून मी थांबलो. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं कोण उभं होतं ते त्या एका शब्दात कळतं. त्याच्यापुढं टाइल्सचं बाथरूम होतं, बेसिन होतं, चोवीस तास नळ होता.

इथंच सगळं माप येऊन अडतं. कारण डोळ्यातल्या ॲसिडवर पहिलं औषध एकच आहे, पाणी. अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी डोळे धुवायच्या नळाचा एक मानक नियम आहे. ॲसिडच्या जागेपासून तो नळ १० सेकंदांच्या चालीवर हवा. मिनिटाला दीड लिटर धार, सलग १५ मिनिटं. हिशोब करा. साडेबावीस लिटर. ऑफिसात पिण्याच्या पाण्याचा जो २० लिटरचा जार उलटा घालतात, त्याहून थोडं जास्त. एका डोळ्याची किंमत एवढी. आणि ज्या संडासात मावशी काम करते तिथं पाणी ड्रममध्ये साठवलेलं, तळाला गाळ, नळ सकाळी तासभर. एकदा ॲसिड उडाल्यावर ती पदरानं डोळा पुसते, त्यानं ते आणखी पसरतं. कुणी दूध घाल म्हणतं, कुणी तूप, कुणी गुलाबपाणी. पाणी द्यायचं सोडून सगळं. १९२७ साली महाडला आपण ओंजळभर पाण्यासाठी का गेलो होतो, हे ज्यांना फक्त २० मार्चला आठवतं त्यांनी या १० सेकंदांचा विचार करावा.

कायदे नाहीत असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात डोळ्यांसाठी एक अख्खं कलम होतं, ३५ वं. त्यात उडणारे कण होते, भगभगीत उजेड होता. ॲसिडच्या शिंतोड्याचं नाव त्यात नव्हतं, आणि संडास हा कारखाना नव्हताच. १८ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ॲसिड विकणाऱ्याला वही ठेवायला लावली: घेणारा कोण, पत्ता काय, कशाला हवं. बायकांवर ॲसिड फेकणाऱ्या हरामखोरांना आळा घालायला ते हवंच होतं, आणि ते बायकांनी लढून मिळवलं. पण त्या वहीत विकत घेणाऱ्याचं नाव लागतं. ओतणाऱ्याचं लागत नाही.

'सफाई कामगारांना प्रशिक्षणाची गरज आहे' असं एखादा साहेब म्हणेल. प्रशिक्षण द्या, कोण नको म्हणतंय? पण गॉगल, हातमोजे, लेबल लावलेली बाटली आणि वाहता नळ हे आधी द्या. गॉगलही बाजूनं बंद असलेला. मोटारसायकलवर मिरवायचा नव्हे.

काम सांगतो. आपल्या प्रत्येक शाखेनं पीएच पट्ट्यांचं एक पुडकं घ्यावं, स्वस्तात मिळतं. रविवारी आपापल्या वस्तीतल्या, वॉर्डातल्या संडासावर जावं. भाषण ठोकायला नव्हे. बाटलीतल्या थेंबावर पट्टी लावून आकडा लिहावा. पट्टी लावणाऱ्यानं चष्मा घालावा, नसता शहाणपणा नको. मावशीला, दादाला एवढं दाखवून द्यावं: उडालं की चोळायचं नाही, पुसायचं नाही. दोन बोटांनी पापण्या फाकवायच्या, डोकं त्या बाजूला कलतं करायचं म्हणजे धुतलेलं पाणी चांगल्या डोळ्यात जात नाही, आणि १५ मिनिटं पाणी ओतत राहायचं, दुसऱ्यानं ओतावं. आंबटावर उतारा म्हणून डोळ्यात सोडा घालायचा नाही. धुऊन मग दवाखाना. दवाखान्यात जाऊन धुऊ असं नाही.

आणि परतताना संडासापासून चालत्या नळापर्यंत पावलं मोजा. पट्टीचा आकडा, बाटलीवर लेबल आहे की नाही, गॉगल आहे की नाही, नळ किती पावलांवर, त्याला पाणी किती ते किती. एका पोस्टकार्डावर मावतं. ठिकाणासकट पाठवा. येतील तेवढी सगळी पुढच्या अंकात छापू, आणि तो अंक घेऊन वॉर्ड ऑफिसात जाऊ.