सिरॅमिक कोटिंग : बाटलीची नव्हे, मेहनतीची किंमत घ्या

नवी मोटार घेणाऱ्या ग्राहकाला आजकाल शोरूममध्ये विमा आणि सीटकव्हर यांच्या जोडीने आणखी एक गोष्ट विचारली जाते, ती म्हणजे सिरॅमिक कोटिंग. कुर्ल्याच्या गल्ल्यांपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत जेथे जेथे मोटारींची कामे चालतात, तेथे या कोटिंगच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. कालपर्यंत डेंटिंग-पेंटिंग करणारे आपले अनेक होतकरू तरुण आज या धंद्यात उतरत आहेत. ही आनंदाची बाब आहे. परंतु ज्या पद्धतीने हा माल विकला जात आहे, ती पाहता हा धंदा फार दिवस विश्वासाने टिकेल काय, अशी शंका आम्हाला वाटते. म्हणून दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्ही आवश्यक समजतो.

आमच्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्याचे उदाहरण घ्या. त्यांनी काळ्या रंगाची नवी गाडी घेतली आणि तीस हजार रुपये मोजून कोटिंग करून घेतले. "पाच वर्षे ओरखडा उठणार नाही, गाडी धुवायचीही गरज नाही," असे त्यांना सांगण्यात आले. आठ महिन्यांनी उन्हात पाहिले तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा आणि पाण्याचे पांढरे डाग! ते कार्ड घेऊन दुकानात गेले. तेव्हा त्याच कार्डावर मागच्या बाजूस बारीक अक्षरांत लिहिलेले त्यांना दाखवण्यात आले की, ओरखडे, दगडाचे टवके, पाण्याचे डाग आणि पक्ष्यांची विष्ठा यांची जबाबदारी दुकानदारावर नाही. शिवाय सहा महिन्यांची सशुल्क सर्व्हिस चुकल्यामुळे हमी आधीच संपली होती. आज हे गृहस्थ भेटेल त्याला सांगतात की, कोटिंगवाले सगळेच लुटारू आहेत. एका दुकानदाराने तीस हजार कमावले, पण प्रामाणिकपणे काम करणाऱ्या दहा कारागिरांचे गिऱ्हाईक त्याने तोडले.

वास्तविक हे कोटिंग थोतांड नाही. ते काय आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे चार थर असतात. पहिला गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे चारही थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. यांपैकी वरचा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. गाडीची सारी चमक त्याच्यावर अवलंबून असते. सिरॅमिक कोटिंग म्हणजे या क्लिअर कोटवर लावलेला सिलिकाचा, म्हणजे काचेच्या जातीचा, आणखी एक पातळ थर. बाटलीत तो द्रवरूप असतो. हवेतील ओलावा मिळताच त्याची रासायनिक क्रिया सुरू होते आणि तो जमून रंगाला घट्ट धरून बसतो. मेण पुसले जाते, शाम्पूने निघते. हा थर तसा निघत नाही, तो काढायचा तर पॉलिशच मारावे लागते. हा त्याचा खरा गुण आहे.

या थरावर पाणी पसरत नाही. त्याचे गोल थेंब होऊन ते घरंगळून जाते आणि जाताना बरीच धूळही नेते. त्यामुळे गाडी लवकर आणि कमी घासून स्वच्छ होते. रंगाला चकाकी येते. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, रस्त्याचे डांबर यांना थेट रंगापर्यंत पोहोचण्यास थोडा उशीर लागतो, तेवढ्यात मालकाला ते धुऊन काढता येते. मेण काही आठवडे टिकते. चांगले कोटिंग नीट सांभाळले तर दोन-तीन वर्षे काम देते. एवढे फायदे सांगून हा माल खुशाल विकावा. त्यात लपवण्यासारखे काहीच नाही.

पण बाजाराला एवढ्यावर समाधान नाही. पाट्यांवर "९एच कठीणपणा" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ग्राहकाला वाटते, हिऱ्याला १० गुण असतात, मग हे ९ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल असणार. विक्रेताही हा गैरसमज दूर करत नाही. खरी गोष्ट अशी की, हिऱ्याला १० गुण देणारी मोजपट्टी खनिजांची आहे. तीवर ९ हा क्रमांक माणिक आणि नीलम यांचा आहे. कोटिंगचे ९एच हे पेन्सिलीच्या चाचणीतले आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठराविक कोनात धरून रंगावर ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते पाहतात. ९एच ही या चाचणीतील सर्वांत कठीण पेन्सिल. पण पेन्सिलीचे शिसे म्हणजे शेवटी ग्रॅफाइट आणि चिकणमाती. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूतील क्वार्ट्झ खनिजांच्या मोजपट्टीवर ७ क्रमांकावर आहे. पेन्सिलीला दाद न देणारा थर वाळूला दाद देणार नाही, असे म्हणता येत नाही. शिवाय हा थर बहुधा एक-दोन मायक्रॉनचा, कधी त्याहूनही कमी. चिलखत म्हणावे एवढी त्याची जाडीच नाही.

ज्यांना महामार्गावर उडणाऱ्या दगडांपासून खरोखर बचाव हवा आहे, त्यांच्यासाठी पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म असते. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते आणि तिची किंमतही कोटिंगच्या कितीतरी पट असते. फिल्मचे काम कोटिंग करील असे सांगणे म्हणजे मलमलीला ताडपत्री म्हणून विकणे होय.

पाण्याच्या डागांचेही तसेच. आपल्याकडे अनेक ठिकाणी गाड्या बोअरच्या पाण्याने धुतल्या जातात. त्या पाण्यात क्षार असतात. थेंब उन्हात सुकला की पाणी उडून जाते आणि क्षार तेथेच राहतात. कोटिंग केलेल्या गाडीवर तर पाणी थेंबाथेंबांनीच बसते, म्हणून गाडी धुऊन लगेच कोरडी केली नाही तर हे डाग ठळक उठतात. ही गोष्ट ग्राहकाला आधी सांगितली तर तो काळजी घेतो. नंतर सांगितली तर तो भांडतो.

आमच्या वाचकांपैकी जुन्या मंडळींना टेफ्लॉन कोटिंगची आठवण असेल. एके काळी गाडी देताना हेच टेफ्लॉन मोठ्या थाटात विकले जात असे. तव्यावरचे टेफ्लॉन पक्के बसवण्यासाठी ३०० अंश सेल्सियसहून अधिक तापमानाची भट्टी लागते. गाडीवर हाताने चोळलेल्या लेपाला ती कोठून मिळणार? लोकांच्या हळूहळू लक्षात आले की, आपण महागडे पॉलिशच विकत घेतले, आणि टेफ्लॉनच्या नावाला पूर्वीचा भाव राहिला नाही. सिरॅमिक कोटिंग त्याहून निश्चितच सरस आहे. पण त्याचीही बोली अशीच फुगत राहिली, तर त्याची गतही वेगळी होणार नाही.

आता आम्ही आमच्या कारागीर बांधवांना एक गोष्ट सांगू इच्छितो. या धंद्यात खरी किंमत बाटलीची नाही, हातांची आहे. कोटिंग पारदर्शक असते. त्याच्या खाली जे असेल तेच ते वर्षानुवर्षे दाखवत राहते. खाली रेघा असतील तर रेघा, डाग असतील तर डाग. म्हणून आधी गाडी नीट धुणे, रंगात रुतलेले लोखंडाचे कण आणि डांबर रसायनाने सोडवणे, क्ले फिरवून पृष्ठभाग गुळगुळीत करणे, मग मशीनवर कॉम्पाउंड आणि पॉलिश करणे, शेवटी अल्कोहोलने तेलाचा अंश पुसून काढणे, एवढे सगळे झाल्यावरच बाटली उघडायची असते. कोटिंग लावतानाही लहान लहान भाग घेऊन योग्य क्षणी ते पुसावे लागते. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत हा क्षण लवकर येतो. तो चुकला तर काळपट चट्टे राहतात आणि पॉलिश मारून पुन्हा सारे करावे लागते. चांगल्या कामाला दोन दिवस सहज लागतात. तीन तासांत "सिरॅमिक" करून देणारा मधल्या पायऱ्या गाळत असतो, हे उघड आहे.

या कामात आपला पिढीजात पेंटर इतरांच्या कितीतरी पुढे आहे. लांबी घासण्यापासून बफिंगपर्यंत ज्याचे हात तयार झालेले आहेत, त्याला कडेला मशीन किती दाबावे, हे कोणी शिकवावे लागत नाही. हे ज्ञान फार मोलाचे आहे, कारण प्रत्येक जोरदार बफिंगमध्ये क्लिअर कोट थोडा झिजतो आणि कडेला तो फाटला तर सगळा भाग नव्याने रंगवावा लागतो. म्हणून रंगाची जाडी मोजणारे यंत्र प्रत्येक दुकानात असावे आणि काम करण्यापूर्वीचे आकडे ग्राहकाला दाखवावेत. असे असताना आमचा कारागीर बाटलीवरच्या परदेशी नावावर धंदा करतो आणि स्वतःच्या मेहनतीचा उल्लेखही बिलात करत नाही, याचे आम्हाला दुःख होते.

आमच्या मते प्रत्येक दुकानदाराने पुढील गोष्टींची सवय लावून घ्यावी :

१) बिलात साफसफाई, पॉलिश आणि कोटिंग यांचे दर वेगवेगळे लिहावेत.

२) "हे कोटिंग ओरखडे, दगडाचे टवके आणि खाऱ्या पाण्याचे डाग रोखत नाही," हे वाक्य कार्डाच्या पुढच्या बाजूस ठळक मराठीत छापावे.

३) सर्व्हिस किती वेळा लागेल आणि तिचा खर्च किती, हे पैसे घेण्यापूर्वी सांगावे.

४) गॅरेजमध्ये नुकत्याच रंगवलेल्या गाडीचा रंग पुरता सुकण्यास काही आठवडे द्यावेत, गिऱ्हाईक घाई करीत असले तरी.

५) काम करणाऱ्या मुलांची काळजी घ्यावी. या द्रवांत विद्रावके असतात, काहींतून जमताना अमोनिया सुटतो. कापडाचा मास्क ही वाफ अडवत नाही. त्यासाठी विद्रावके आणि अमोनिया या दोन्हींसाठी योग्य अशा फिल्टरचा मास्क, हातमोजे आणि खेळती हवा हवी. बंद शटरमागे दिवसभर ही वाफ घेणारा सोळा-सतरा वर्षांचा पोऱ्या कोणाच्या तरी घरचा मुलगा आहे, हे मालकाने विसरू नये.

ग्राहकांनाही चार गोष्टी सांगणे आवश्यक आहे. कोटिंगचा खर्च प्रत्येक गाडीला परवडणारा नाही आणि प्रत्येक गाडीला त्याची गरजही नाही. टॅक्सी, मालाची गाडी किंवा दोन वर्षांत विकायची जुनी गाडी यांना वेळच्या वेळी धुणे आणि मेण लावणे पुरेसे आहे. कोकणात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, खाऱ्या हवेचा गंज बहुधा खालच्या बाजूने आणि सांध्यांतून सुरू होतो. वर लावलेले कोटिंग तेथे पोहोचत नाही. तेथे तोच पैसा गाडीच्या खालच्या बाजूच्या लेपावर खर्च केलेला बरा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रोज सकाळी एक बादली पाण्यात तेच फडके बुचकळून दहा गाड्या पुसण्याची आपल्या शहरांतील पद्धत. त्या फडक्यातील धूळ म्हणजे सँडपेपरच. आमच्या व्यापारी मित्राच्या गाडीवरची जाळी बहुधा अशाच फडक्याने विणली होती. पन्नास हजारांचे कोटिंगही त्यापुढे टिकणार नाही. आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, गाडीचा शाम्पू आणि मायक्रोफायबरचे स्वच्छ कापड वापरावे. कपड्यांची पावडर वापरू नये. ही सवय नसेल तर कोटिंगवर पैसे घालवू नयेत.

खोटी जाहिरात करून कोणी फसवलेच, तर ग्राहक हतबल नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातींविरुद्ध स्पष्ट तरतूद आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्यासाठी बिल, हमीचे कार्ड आणि जाहिरातीचा कागद जपून ठेवावा. बिलाशिवाय काम करून घेणाऱ्याने मात्र नंतर तक्रार कशाच्या आधारावर करावी?

माल विकताना त्याचा दोषही सांगावा, ही आपल्या वाडवडिलांची रीत होती. ती पाळणाऱ्याचा गल्ला सुरुवातीला थोडा हलका राहतो, हे आम्ही जाणतो. परंतु गाडी हा घराखालोखालचा मोठा खर्च असलेला मध्यमवर्गीय माणूस एकदा भरवशाचा मिस्त्री सापडला की वर्षानुवर्षे त्याला सोडत नाही आणि आपल्या भावालाही त्याच्याकडेच पाठवतो. आमच्या तरुण कारागिरांनी हे गिऱ्हाईक जोडावे. कोटिंग दोन-तीन वर्षांनी उतरेल आणि तो माणूस पुन्हा त्याच दारात येईल, असे काम त्यांच्या हातून व्हावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.