आधी टेप, मग गाडी

मुलांना सॉकरला, पोहायला आणि रविवारी मराठी शाळेत न्यायचं म्हणून आपल्यातल्या बहुतेक घरांनी कधीतरी सिएना नाहीतर ओडिसी घेतली होती. मुलं कॉलेजात गेली आणि व्हॅन विकली. आता त्यातल्याच काही घरांना तीच गाडी पुन्हा घ्यावी लागतेय, या वेळी रॅम्पसकट. कुणाच्या आईसाठी, कुणाच्या जोडीदारासाठी.

अशा वेळी सल्ला विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठल्या कंपनीची घेऊ?" आमच्या मते तो शेवटी विचारावा. आधी टेप घ्या. माणूस खुर्चीत रोज बसतो तसाच बसलेला असू द्या आणि जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची मोजा. मग खुर्चीची रुंदी, आणि पाय ठेवायच्या पट्ट्यांसकट लांबी. मिनीव्हॅनचा तळ कापून चांगला खाली घेतलेला असला तरी दाराची उंची साधारण 54 ते 56 इंचच भरते. पॉवर चेअरची बैठक उंच असते, त्यामुळे धिप्पाड माणसाला दर वेळी मान वाकवून आत जावं लागतं. ऐंशीच्या घरातली मान तेवढी वाकत नाही. पॉवर चेअर एकटीच तीनशे पौंडांच्या आसपास असू शकते. माणसासकट ते वजन रॅम्पला पेलतं का, हेही विचारा.

मग रॅम्प बाजूला की मागे? मागचा रॅम्प स्वस्त पडतो, अरुंद ड्राइव्हवेत सोयीचा असतो आणि शेजारी गाडी लागली तरी अडत नाही. तरीही जमत असेल तर आमचं मत बाजूच्या रॅम्पला. त्यात पुढची सीट काढता येते आणि खुर्ची चालकाशेजारी येते. मागच्या रॅम्पच्या गाडीत खुर्ची बहुधा मधल्या किंवा मागच्या भागातच राहते. पुढच्या गप्पा तिथे नीट ऐकू येत नाहीत. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला अशी मागे बसवताना तिला काय वाटेल, याचाही विचार करावा.

राल्फ ब्रॉन यांना हे कुणी सांगावं लागलं नाही. इंडियानातल्या विनामॅकच्या या माणसाला लहानपणापासून स्नायूंचा आजार होता. स्वतःला कामावर जाता यावं म्हणून त्यांनी आधी स्कूटर आणि मग गाडीची लिफ्ट बनवली, त्यातून ब्रॉनअ‍ॅबिलिटी ही अशा गाड्या बनवणारी कंपनी उभी राहिली. काय हवं ते खुर्चीत बसणाऱ्यालाच कळतं, म्हणून सांगतो, विक्रेत्याकडे जाताना ज्यांच्यासाठी गाडी आहे त्यांना घेऊन जा. मुलगा आणि जावई दोघंच जाऊन रंग पसंत करून येतात, हे बंद झालं पाहिजे.

पट्ट्यांच्या बाबतीत मात्र कुणाचीच आवडनिवड चालणार नाही. खुर्चीचं तोंड पुढे हवं, ती चार पट्ट्यांनी तळाला जखडलेली हवी आणि माणसाला खांद्यावरून व कमरेवरून गाडीचा वेगळा पट्टा हवा. खुर्चीला असलेला पट्टा बहुधा अपघातात वाचवण्यासाठी नसतो. भारतातून आणलेल्या हलक्या, घडीच्या खुर्चीला बांधायच्या कड्या बहुधा नसतात. डब्ल्यूसी-19 या मानकाची खुर्ची घ्या, तिला त्या असतात.

पैशाचं थोडक्यात. मेडिकेअर खुर्चीला मदत करतं, गाडीला करत नाही. साध्या गाडीपेक्षा अशा गाडीला जे जास्त पैसे पडतात, ते आयकरात वैद्यकीय खर्च म्हणून धरता येतात. आपल्या सीपीएला विचारा. नव्या गाडीत रॅम्प बसवल्यास काही कार कंपन्या साधारण हजार डॉलरपर्यंत परत देतात, पण मागितले तरच. जुनी घेणार असाल तर खाली वाकून रॅम्पचे सांधे पाहा, आपल्याकडच्या हिवाळ्यातलं मीठ तिथे आधी लागतं. आईबाबा सहा महिन्यांपुरतेच येणार असतील तर विकत घेऊच नका. अशा गाड्या दिवसावर आणि आठवड्यावर भाड्याने मिळतात.

आणि एवढं सगळं करून गाडी घेतली, कार्यक्रमाला आणली, तरी उतरायला जागा हवी. अपंगांसाठीच्या पार्किंगशेजारी तिरप्या रेघांचा पट्टा असतो. व्हॅनच्या जागेशेजारी तो किमान पाच फुटांचा असतो, जागा अरुंद असेल तर आठ फुटांचा. तो रॅम्पसाठी आहे. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत जेवणाचे ट्रे उतरवायला "दोनच मिनिटं" म्हणून गाड्या नेमक्या तिथेच लागतात, आणि त्यात कार्यकारिणीच्याही असतात. येत्या गणेशोत्सवापासून त्या पट्ट्याजवळ एक स्वयंसेवक उभा राहील. त्याने गाडी काढायला सांगितली तर वाद न घालता काढा. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी नावनोंदणी करतानाच कळवावं, म्हणजे दाराजवळची जागा राखून ठेवता येईल.