सात वाटे की एक कुंची?

मंडळी, या वेळचा विषय पेटीतला आहे. धार असो की देवास, आपल्या जुन्या मराठी घरांत एखादी पत्र्याची पेटी असतेच. वाडा विकायला निघतो, आजी मुलाकडे पुण्याला जायला निघते, तेव्हा ती उघडते. आतली लुगडी कोणी नेसणार नसतं आणि टाकून देववत नाहीत.

आमच्याकडे गेल्या दिवाळीनंतर हेच झालं. आजीचं माहेर देवासचं, सासर धारचं. पेटीतून निघाली दोन विरलेली सुती नऊवारी, एक महेश्वरी नऊवारी आणि बागची ठशांची चादर. नातवंडं सात. आत्या म्हणाली, महेश्वरीचे सात तुकडे करू, प्रत्येकाला फ्रेम करून देऊ. काकांना दारावर येणारा जुन्या जरीवाला आठवला. तो भाव देतो चांदीचा. पुढे साडी जाळून जरीतली चांदी काढून घेतात. हे ऐकल्यावर आजी एवढंच म्हणाली, "मी असताना नको."

मला दोन्ही सूचना पटल्या नव्हत्या. भिंतीवर काचेमागे लावलेला वीतभर तुकडा चार दिवस बघितला जातो, मग त्याच्यावर धूळ बसते. शिवाय सतत उजेडात रेशमाचा रंग उडतो तो वेगळाच. (उशांचे अभ्रे तर मला मुळीच आवडत नाहीत. आजीच्या पदरावर पाहुण्यांनी पाठ टेकायची?)

आधी कापड ओळखावं. सुती लुगडं धुऊन धुऊन मऊ होतं, पण सहज हार मानत नाही. देवासला नोटा छापतात हे आपण पाहुण्यांना मिरवून सांगतो. त्या नोटांचा कागदही कापसाचाच असतो, म्हणून खिशात धुतली गेलेली नोट वाचते. महेश्वरीचं तसं नाही. तिच्यात साधारणपणे उभे धागे रेशमाचे आणि आडवे सुताचे. रेशीम आधी थकतं, आणि वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली साडी त्या घडीवरच फाटते. उजेडासमोर धरून पाहा, घडीच्या रेषा विरळ दिसल्या तर तो भाग शिवणात घेऊ नका. बागच्या छपाईत लाल रंगाला तुरटी लागते, काळ्याला लोखंड. लोखंडामुळे जुन्या कापडात काळी नक्षी आधी विरते, तिथे मागून मलमलीचं अस्तर द्यावं.

गोधडीचा हिशेब सोपा आहे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. दोन मीटर लांबीच्या गोधडीला एका लुगड्यातून चार थर निघतात. आम्ही दोन लुगड्यांचे आठ थर केले आणि वर बागची चादर घेतली. थर जमिनीवर अंथरून मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढायच्या, मोठे कच्चे टाके घालायचे, मग कडेपासून आत आत धावदोरा. दोरा सुतीच घ्या. पॉलिएस्टरचा दोरा मऊ कापडाला कापतो. मशीनवर तासाभरात होईल, हे खरं. पण हाताने शिवायला आम्हाला सव्वा महिना लागला, आणि त्या सव्वा महिन्यात आजीने प्रत्येक लुगड्याची हकिगत सांगितली. एक होतं वडिलांनी देवासहून पाठवलेलं, पहिल्या दिवाळसणाचं. ते आत्यालाही माहीत नव्हतं. फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय. तुम्हीही कात्री हातात घेण्याआधी हे करा, आणि ज्यांचं कापड आहे त्या हयात असतील तर त्यांना विचारा.

राहिली महेश्वरी. तोडगा आजीनेच काढला. आजच्या मुली नेसतात सहावारी, मग नऊ वारांतली तीन वार मोकळीच की! पदराकडची सहा वार धाकट्या नातीला दिली, कारण घरात हौसेने साडी नेसणारी तीच. अट एकच, नेसायची. कपाटात ठेवायची नाही. सहा महिन्यांतून घडी बदलायची, गुंडाळायची ती जुन्या धुतलेल्या धोतरात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत.

उरलेल्या तीन वारांतून काठ बाहेर येतील अशी एक कुंची शिवली, आतून मलमल लावून. सात नातवंडांना सात कुंच्या नाहीत, एकच. ज्याच्या घरी बारसं असेल त्याच्याकडे जायची, बाळ मोठं झालं की परत यायची. आत्याला आधी हे रुचलं नाही, "माझ्या वाट्याला काय?" असं तिने स्पष्ट विचारलं. तिला गोधडी दिली.

कुंचीच्या अस्तराला एक पांढरी पट्टी शिवली आहे. तीवर रेशमी दोऱ्याने बाळाचं नाव आणि वर्ष काढायचं. पेनाची शाई धुण्यात पसरते. पहिलं नाव बंगळुरूच्या बाळाचं आहे. टाके वाकडे आहेत, कारण ते त्याच्या बाबाने घातलेत.