फोनमधला चांद

रमजानचा चांद झाला की माझगावात मगरिबनंतर फोटो फिरू लागतात. एकात कोर जाडजूड, दुसऱ्यात गोल गोळा, तिसऱ्यात चक्क दोन चंद्र. मग घरात वाद: “हा तर दुसरीचा चांद, आपला एक रोजा हुकला!” कुणाचे मन उगाच कलुषित होऊ नये म्हणून आम्ही या वेळी फोटोंविषयीच लिहीत आहोत.

चंद्र रात्री दिसतो, पण त्याच्यावर ऊन पडलेले असते. फोन मात्र सगळ्या चौकटीचा अंदाज घेतो आणि काळोख उजळावा म्हणून जास्त प्रकाश आत घेतो. त्यात रेखीव कोर फुगते. नाइट मोडमध्ये तर आणखी गंमत. कोवळ्या चंद्राच्या काळ्या भागावर पृथ्वीवरून परतलेला मंद उजेड असतो. डोळ्यांना तो जेमतेम जाणवतो, फोन त्यालाही उजळवतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीची कोर पौर्णिमेसारखी गोल दिसू शकते.

दोन चंद्रांचे कोडे सोपे आहे. भिंगाच्या काचांमध्ये प्रकाश मागेपुढे आपटतो आणि एक फिकट, उलटी प्रतिमा उमटते. फोन हलवा, खोटा चंद्र खऱ्याच्या उलट दिशेला सरकेल.

डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या टेकडीवर, जोसेफ बाप्टिस्टा उद्यानातून, पौर्णिमेला गोदीकडून वर येणारा चंद्र परातीएवढा वाटतो; फोटोत मात्र वाटाणा! आकाशात त्याची रुंदी अर्धा अंशच. हात लांब करून धरलेली करंगळी त्याला सहज झाकते. ते मोठेपण आपल्या नजरेचे.

काही फोन तर चंद्र ओळखून त्याचे डाग स्वतःच ठळक करतात. २०२३ मध्ये एकाने पडद्यावरचा मुद्दाम धूसर केलेला चंद्र टिपला, तर फोटोत मुळात नसलेले तपशील उमटले! असल्या फोटोला साक्षीदार मानायला आम्ही तयार नाही.

आकारावरून तारीख काढण्याचा वाद तसा जुनाच. सहीह मुस्लिममध्ये हकीकत आहे: उमऱ्याला निघालेले लोक चांद दोन रात्रींचा की तीन, यावर बोलू लागले. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी तो कोणत्या रात्री पाहिला एवढेच विचारले आणि तीच रात्र धरली.

मुलांना फोटो काढायचाच असेल, तर आधी भिंग पुसा, नाइट मोड बंद करा आणि फोन कठड्यावर टेकवा. बहुतेक फोनमध्ये पडद्यावरच्या चंद्रावर बोट ठेवले की उजेडाची पट्टी येते. ती कोर स्पष्ट होईपर्यंत खाली ओढा.