लॅपटॉप म्हातारा झाला म्हणे!

परवा मावशीचा फोन. "अरे, लॅपटॉप फार स्लो झालाय. दुकानदार म्हणतो, म्हातारा झाला, नवीनच घ्या." आणि मी, घरातला अधिकृत 'कॉम्प्युटरवाला', काय म्हणालो? "घेऊन टाक." फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली.

अहो, प्रोसेसर काही वयाने दमत नाही! पंखा धुळीने तुंबला नसेल, तर तो आजही पूर्वीइतकाच पळतो. वाढतं ते त्याच्या डोक्यावरचं ओझं.

शनिवारी जाऊन कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं. टास्क मॅनेजर म्हणतो, डिस्क १०० टक्के! आत जुनी फिरती हार्ड डिस्क, आणि मशीन सुरू होतानाच गुपचूप उघडणारे डझनभर प्रोग्रॅम्स. फोटोंचा बॅकअप घेतला, एसएसडी बसवली. आता चहाला उकळी यायच्या आत लॅपटॉप तयार.

कोणी म्हणेल, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टीपीएम २.० नाही म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. कबूल. पण हा दोष धोरणाचा, यंत्राचा नाही. मावशीला लागतं काय, तर ब्राउझर, मेल आणि फोटो. फुकटचं लिनक्स मिंट टाकून दिलं, झालं काम.

दुकानदाराला शिव्या देणं सोपं आहे. त्याचा तो धंदाच आहे. पण आपण इंजिनिअर लोक? आपल्याला दहा मिनिटांचा कंटाळा, आणि भुर्दंड मावशीच्या पेन्शनला! 'नवीन घे' म्हणण्याआधी टास्क मॅनेजर तरी उघडा की राव!